ऐंशीचं दशक एकाच सिनेगीतात सांगायचं तर कोणतं गाणं?

तबकडी (धागाकर्ता)

बेल्ट तुटल्यामुळे माळ्यावर पडून राहिलेला आमचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) मागच्या आठवड्यात दुरुस्त होऊन आला. पहिली कॅसेट कुठली लावायची यावर घरात तासभर चर्चा झाली. तीच चर्चा इथे घेऊन आलोय.

नियम एवढाच: गाणं चित्रपटातलं हवं, चित्रपट १९८० ते १९८९ मधला हवा, हिंदी किंवा मराठी कुठलाही चालेल. मी सर्वात सुंदर गाणं विचारत नाहीये. ऐकताक्षणी 'हे दुसऱ्या कुठल्या दशकात झालंच नसतं' असं वाटावं, असं गाणं हवंय. म्हणून 'उमराव जान'मधल्या खय्याम-आशाबाईंच्या गझला मी स्वतःच बाजूला ठेवल्या. त्या १९८१ च्या आहेत, पण १९६१ च्या म्हणूनही कुणी मान्य करेल.

माझं मत 'कर्ज'मधल्या 'ओम शांति ओम'ला. १९८० साल, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, किशोरकुमार, आणि फिरत्या अजस्र तबकडीवर नाचणारा चंदेरी कपड्यांतला ऋषी कपूर. त्या आधीच्या दशकात नायक गिटार घेऊन हॉटेलात गायचा. इथे तो स्टेडियमभर लोकांना विचारतो आणि लोक ओरडून उत्तर देतात. नायक 'स्टार' झाला आणि प्रेक्षक गाण्याच्या आत शिरला, ते इथे. ताल डिस्कोचा, पण व्हायोलिनचा ताफा अजून प्यारेलालजींचा. जुनं जातंय आणि नवं येतंय, दोन्ही एकाच गाण्यात ऐकू येतं.

---

नादखुळा

तबकडीदादा, निम्मं बरोबर बोललात. पण डिस्को म्हणायचं आणि 'डिस्को डान्सर'चं नाव घ्यायचं नाही, हे पटलं नाही.

१९८२. दिग्दर्शक बी. सुभाष, नायक मिथुन, संगीतकार बप्पीदा (बप्पी लाहिरी). आम्ही तेव्हा सातवी-आठवीत. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात विजय बेनेडिक्टने गायलेलं शीर्षकगीत सुरू झालं की ज्याला नाचता येत नाही तोही कंबर हलवायचा. पार्वती खानचं 'जिमी जिमी' तर सोव्हिएत रशियात घराघरांत पोचलं. आजही तिकडची वयस्क माणसं भारतीय माणूस दिसला की ते गुणगुणतात, हे मी स्वतः ताश्कंदला अनुभवलंय. आपल्या दशकाचं गाणं परक्या देशातल्या लोकांनीही त्यांच्या तरुणपणाचं मानलं, याहून मोठा पुरावा काय हवा?

आणि मिथुन हा वस्तीतला पोरगा होता. पडद्यावरही आणि दिसण्यातही. मोठ्या घरातला नायक नाचतो तेव्हा आपण बघतो. हा नाचला तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं नाचली.

---

ओवी

'आप जैसा कोई' विसरू नका. 'कुर्बानी', १९८०. चित्रपटाची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, पण हे एक बिद्दूने लंडनमध्ये केलेलं. गायली पाकिस्तानची नाझिया हसन, वय पंधराच्या आसपास. त्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. त्या आवाजात ना लताबाईंची छाया होती ना आशाबाईंची. शाळेतल्या मुलीसारखा सरळ आवाज. मला वाटतं दशकाचा दरवाजा तिनेच उघडला, मिथुन त्यातून आत आला.

---

आकडेमोड

सगळे डिस्को डिस्को करताय म्हणून थोडं थंड पाणी.

माझ्याकडे त्या काळातल्या दोन वह्या आहेत, ज्यांत मी रेडिओवरच्या बिनाका गीतमालेची क्रमवारी उतरवायचो. (पुढे तिचं सिबाका झालं, पण आमच्या घरी ती शेवटपर्यंत बिनाकाच राहिली.) अमीन सयानींनी वर्षअखेरीला जे गाणं पहिल्या पायदानावर ठेवलं ते वर्षवार बघा. १९८० ला 'सरगम'चं 'डफलीवाले'. मग 'लावारिस'चं 'मेरे अंगने में', 'खुद्दार'चं 'अंग्रेजी में कहते हैं', 'सौतन'चं 'शायद मेरी शादी का खयाल'. १९८४ ला 'हीरो'तलं 'तू मेरा हीरो है', पुढच्या वर्षी 'सुन साहिबा सुन', त्यानंतर 'संजोग'मधलं 'यशोदा का नंदलाला', १९८७ ला 'चिठ्ठी आई है', १९८८ ला 'पापा कहते हैं' आणि १९८९ ला 'माय नेम इज लखन'.

दहा वर्षं, दहा गाणी. यांत बप्पीदांचं एकही नाही. पंचमचंही (आर. डी. बर्मन) नाही. पाच लक्ष्मीकांत-प्यारेलालची आहेत. आणि यादी पुन्हा वाचा: डफली, अंगण, लग्न, यशोदा, चिठ्ठी. लोक डिस्कोवर नाचत होते हे खरं, पण वर्षभर ऐकत होते ते ढोलक आणि घरची नाती. दशकाचा चेहरा ठरवताना आपण पडद्यावरचे दिवे आठवतो आणि स्वयंपाकघरातला रेडिओ विसरतो.

'सौतन'ची संगीतकार उषा खन्ना. एका बाईने त्या पुरुषी धंद्यात वर्षाचं पहिलं गाणं दिलं, याची कुणी दखलच घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

तबकडी

आकडेमोड, ही यादी मी आज पहिल्यांदा एकत्र वाचली. पंचमचं एकही नाही हे वाचून मात्र गलबललं. त्याच दहा वर्षांत 'मासूम', 'सागर', 'इजाजत' झाले. 'मेरा कुछ सामान'ला गुलजार आणि आशाबाई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तरी ते गाणं मी माझ्या नियमात बसवू शकत नाही. ते कुठल्याच दशकाचं नाही.

---

सोनचाफा

मला तुमचा नियमच तपासायचा आहे. 'दशकाचं' म्हणजे फक्त ताल आणि कपडे का? त्या दहा वर्षांत माणसांचं जे बदललं, ते कुठल्या गाण्यात आहे?

१९८२ साली दोन चित्रपट आले. हिंदीत 'अर्थ', मराठीत 'उंबरठा'. दोन्हींत बाई शेवटी एकटी उभी राहते, आणि दोन्ही चित्रपट तिला चूक ठरवत नाहीत. 'अर्थ'मधलं कैफी आझमींचं 'तुम इतना जो मुस्कुरा रहे हो' बघा. ना बाग, ना स्टेज. दिवाणखान्यात वाढदिवसाला जमलेली चार माणसं, आणि जगजितसिंगांचा आवाज. गझल मैफिलीतून उठून फ्लॅटमध्ये येऊन बसली ती या दशकात, कॅसेटच्या खांद्यावर बसून.

पण माझं मत मराठीला. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या'. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज, पडद्यावर स्मिता पाटील. माझी आई शिक्षिका. १९८३ मध्ये तिची बदली झाली आणि ती दोन वर्षं दुसऱ्या तालुक्याच्या गावी एकटी खोली घेऊन राहिली. मी आणि भाऊ आजीकडे. शनिवारी रात्रीच्या एसटीने यायची, सोमवारी पहाटे जायची. शेजारच्या बायका आजीला काय काय ऐकवायच्या ते मला पुढे कळलं. रविवारी दुपारी निवडण-टिपण करताना आई हे गाणं हळू आवाजात म्हणायची. पहिलं कडवं संपलं की थांबायची. पुढचं कधीच म्हटलं नाही.

माझ्यासाठी ऐंशीचं दशक म्हणजे नोकरीला निघालेली बाई. ती डिस्कोत नव्हती.

---

ओवी

सोनचाफा, मी माझं मत मागे घेतेय. 'उंबरठा'च. त्याच चित्रपटातलं रवींद्र साठ्यांचं 'गंजल्या ओठास माझ्या' आणि वसंत बापटांचं 'गगन सदन तेजोमय' ही दोन्हीही ऐका लोकहो. एका चित्रपटात इतकी कविता पुन्हा फारशी आली नाही.

---

नादखुळा

सोनचाफाताई, तुमच्या आईला नमस्कार. पण एक सांगतो, रागावू नका. 'सुन्या सुन्या' हे त्या काळातल्या एका थराचं गाणं. आमच्या घरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. आमची आई शेतावर जायची आणि तिला 'विठू माऊली तू माऊली जगाची' पाठ होतं. तेही त्याच दशकातलं सिनेगीत, 'अरे संसार संसार', १९८१. आता लोक त्याला पारंपरिक अभंग समजतात, इतकं ते दिंडीत मिसळून गेलंय. जगदीश खेबुडकरांनी लिहिलं आणि अनिल-अरुण जोडीने चाल दिली, हे सांगितलं की माणसं अवाक होतात.

---

वऱ्हाडी_माणूस

त्याच चित्रपटातलं 'काळ्या मातीत मातीत तिफन चालते' कसं विसरता राजेहो! आमच्या विठ्ठल वाघांची कविता. सुरेश वाडकर आणि अनुराधा पौडवाल. शेतावरचं काम चालू असताना अजूनही लोक म्हणतात. माझं मत याला, आणि नियम-बियम मला सांगू नका.

---

आकडेमोड

वऱ्हाडीभाऊ, गाणं अमोलच आहे. पण ते दशकाचं कसं? पेरणीची तिफण तर शंभर वर्षं तीच चालतेय.

---

वऱ्हाडी_माणूस

तीच चालत होती, हेच तर सांगतो. त्यानंतर बदललं. आमच्या शिवारात बैलांची तिफण चालताना मी शेवटची डोळे भरून पाहिली ती त्याच वर्षांत. पुढे ट्रॅक्टर आला, सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली. आता ते गाणं लागलं की मला चाल आधी ऐकू येत नाही, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू येतो. तुम्ही 'दुसऱ्या दशकात झालंच नसतं' म्हणता ना? ज्या गोष्टीचं गाणं केलं ती गोष्टच पुढच्या दशकात राहिली नाही, म्हणून ते त्या दशकाचं.

---

तबकडी

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा मान्य.

---

मेघमल्हार

मराठीत 'अश्विनी ये ना' राहिलं की. 'गंमत जंमत', १९८७. अरुण पौडवालांचं संगीत, शांताराम नांदगावकरांचे शब्द आणि चक्क किशोरकुमार मराठीत, पडद्यावर अशोक सराफ. 'धूमधडाका'नंतर मराठी चित्रपट तमाशाच्या फडातून आणि वाड्यातून बाहेर पडून मोटरसायकलवर बसला, त्या वाऱ्याचं हे गाणं. किशोरदा त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला गेले. रफीसाहेब ३१ जुलै १९८० ला गेले होते. दशकाच्या एका टोकाला रफी, दुसऱ्या टोकाकडे किशोर. मधली सगळी वर्षं शब्बीरकुमार, मोहम्मद अझीज, अन्वर यांच्यात रफी शोधण्यात गेली. त्या गायकांना याचा फार जाच झाला असेल. कुणी त्यांना त्यांच्या स्वतःच्या आवाजासाठी ऐकलंच नाही. 'माय नेम इज लखन' अझीजने ज्या खुषीत गायलंय ते एकदा डोळे मिटून ऐका.

हिंदीत माझं मत 'एक दो तीन'ला. 'तेजाब', १९८८. चालीवर आकडे फक्त जागा भरायला घातले होते, तेच जावेद अख्तरांनी ठेवले असं त्यांनी सांगितलेलं आहे. दिग्दर्शक एन. चंद्रा मराठी, नाचणारी माधुरी मराठी, आणि नाच बसवणाऱ्या सरोज खान. फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला तो या गाण्यापासून. त्याआधी नाच बसवणाऱ्यांना नावानिशी कोण ओळखत होतं?

---

गिरणगावकर

एन. चंद्रांचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचतो.

'तेजाब'च्या दोन वर्षं आधी त्यांनी 'अंकुश' केला. नाना पाटेकर आणि नाक्यावर बसलेली बेकार पोरं. त्यातलं 'इतनी शक्ति हमें देना दाता'. अभिलाष यांचे शब्द, कुलदीप सिंगांची चाल, आणि गायलंय पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांनी. आज ती देशभरच्या शाळांची प्रार्थना आहे आणि कित्येकांना ते सिनेमातलं गाणं आहे हेच माहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. अडीच लाख कामगार. वडील तिसऱ्या पाळीला साचेखात्यात होते. पहिले काही महिने चाळीत उत्साह होता, मग एकेकाची भांडी विकली गेली. काही घरं कायमची गावाला गेली. वर्गातले बाक रिकामे होत गेले. 'अंकुश' आला तेव्हा मी सहावीत. आमच्या महापालिकेच्या शाळेत बाईंनी हे गाणं फळ्यावर लिहून दिलं आणि रोज सकाळी म्हणवून घेतलं. आमच्या चाळीच्या नाक्यावर अगदी तशीच चार मोठी मुलं बसायची. त्यांतला एक माझा चुलतभाऊ.

डिस्कोही आमच्याकडे वाजायचा. गणपतीत मीही नाचलोय. पण दहा वर्षांतून एकच गाणं ठेवायचं तर मी हे ठेवीन. कामधंदा हातातून गेलेली माणसं देवाकडे पैसा मागत नव्हती, मन खचू देऊ नको एवढंच मागत होती.

---

सोनचाफा

गिरणगावकर, नुसतं वाचत राहू नका. लिहीत जा.

---

नादखुळा

खरंय. मी हे गाणं इतकी वर्षं ऐकत आलो आणि ते 'अंकुश'चं आहे हे आज कळलं.

---

आकडेमोड

दशकाच्या शेवटाबद्दल एक मोठा वाद बाकी आहे. 'मैंने प्यार किया' कुठे धरायचा? प्रदर्शित झाला २९ डिसेंबर १९८९ ला. दशक संपायला दोन दिवस उरलेले. गाणी वाजली सगळी १९९० मध्ये. माझ्या मते तो नव्वदचाच.

---

वऱ्हाडी_माणूस

अजिबात नाही. त्याचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे आमच्या नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासूनचे. जोडीतले 'राम' म्हणजे सुरेंद्र १९७६ मध्येच वारले, तरी पाटलांनी मित्राचं नाव जन्मभर आपल्या नावापुढे ठेवलं. सगळं ऐंशीचं दशक त्यांनी धडपडत काढलं आणि शेवटच्या दोन दिवसांत दार उघडलं. तो चित्रपट नव्वदच्या खात्यात टाकलात तर त्यांची ती दहा वर्षं कुणाच्या खात्यात?

---

मेघमल्हार

वऱ्हाडीभाऊंना अनुमोदन. शिवाय एस. पी. बालसुब्रमण्यम आधीच आले होते, 'एक दूजे के लिए'मधून १९८१ ला. त्या गाण्यांचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला. 'मैंने प्यार किया' हा त्याच धाग्याचा शेवट.

खरा नव्वदचा आवाज 'कयामत से कयामत तक'मध्ये सुरू झाला. 'पापा कहते हैं' ऐकताना मागच्या सगळ्या गोंगाटावर कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं होतं. म्हणून ते गाणं कितीही आवडत असलं तरी मी ते ऐंशीचं प्रतिनिधी मानणार नाही.

---

बंदरावरचा

धागा तीन दिवस वाचतोय. आकडेमोड यांच्या यादीत एक गाणं होतं त्यावर कुणीच थांबलं नाही, म्हणून लिहितो. 'चिठ्ठी आई है'.

'नाम', १९८६. आनंद बक्षी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, पंकज उधास पडद्यावरही स्वतःच. १९८७ आणि १९८८ ला फिल्मफेअरचे सोहळेच झाले नाहीत, त्यामुळे या गाण्याच्या नावावर तो पुरस्कार नाही. ('मिस्टर इंडिया'च्या 'हवा हवाई'चंही तेच झालं.) पण रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही मोहल्ल्यात, कुठल्याही वाडीत जाऊन विचारा. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात होता. माझे बाबा मस्कतला. दोन वर्षांनी एकदा सुट्टी.

फोन गावात एकाच्या घरी. पत्र पोचायला पंधरा-वीस दिवस. आणि आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून आमच्याकडे कॅसेट पाठवायचे. टू-इन-वनसमोर सगळे बसायचो, लाल बटण दाबायचं आणि एकेकाने बोलायचं. जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट मस्कतला जायची. कोरी कॅसेट नसली की गाण्यांच्या कॅसेटच्या वरच्या खाचांवर चिकटपट्टी लावून तिच्यावरच बोलायचं.

'नाम'ची कॅसेट बाबांनीच आणली होती. आईने एकदा तिच्यावरच आवाज भरला. एवढं एक गाणं मात्र पुसू दिलं नाही, त्याच्या पुढून बोलायला सुरुवात केली. बाबा कायमचे परत आले तेव्हा ती कॅसेट त्यांच्या सामानात होती. आता दोघंही नाहीत. कॅसेट माझ्याकडे आहे. मी ती वीस वर्षांत वाजवलेली नाही, कारण मशीन नाही आणि फीत अडकेल ही भीती आहे.

---

तबकडी

बंदरावरचा, ती कुठल्याही मशीनमध्ये लगेच घालू नका.

माझ्या अनुभवावरून सांगतो. आधी पेन्सिल घालून फीत हाताने, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घ्या. इतकी वर्षं पडलेली फीत थरांना चिकटते. मग मध्ये खालच्या बाजूला तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो तो जागेवर आहे का बघा. तो बहुतेक वेळा गळून पडलेला असतो, आणि तो नसला की आवाज दबका येतो. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर तुमचं काम सोपं आहे: ती उघडून फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येते. चिकटवलेली असेल तर घरी प्रयत्न करू नका. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच फोनवर नाही, तार जोडून संगणकावर उतरवून घ्या. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

मी पुण्यात आहे. माझा टू-इन-वन चालू आहे, बेल्ट नवा आहे, हेड कालच स्पिरिटने पुसलंय. येणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा.

---

बंदरावरचा

पाच स्क्रू आहेत. निरोप केलाय.

---

आकडेमोड

काय झालं ते कळवा.

---

बंदरावरचा (नऊ दिवसांनी)

काल तबकडीदादांच्या घरी गेलो होतो. फेल्ट खरंच गळलेला होता. त्यांनी 'डफलीवाले'च्या एका कॅसेटचं खोकं रिकामं करून त्यात आमची फीत बसवली. मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही.

गाणं पूर्ण आहे. शेवटचा सूर संपतो, मग खट्‍ असा बटणाचा आवाज, मग कोंबडं आरवतं. मग आई विचारते, "सुरू झाला काय रे?" आणि मी म्हणतो, "झाला. बोल."